चुकीच्या स्पेलिंगची किंमत कोण देतं?

झाशीच्या सदर बाजारातून संध्याकाळी फेरी मारली की पाट्या वाचायचा छंद आपोआप लागतो. वह्या-पेनं विकणाऱ्या दुकानावर 'स्टेशनरी' लिहिलेलं असतं, पण 'ई'च्या जागी 'ए' घालून. म्हणजे अर्थ होतो 'जागचं न हलणारं'. शिकवणीच्या पाटीवर 'ट्यूशन'मधला एक 'आय' गायब असतो. आणि थंड बियरच्या पाटीवर 'चिल्ड'चं 'चाइल्ड' होणं ही तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत चालणारी गंमत आहे. अशा पाट्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात. आमच्या कोर्समेट्सच्या ग्रुपवरही फिरतात आणि सगळे पोट धरून हसतात.

हसायला माझी ना नाही. त्या दुकानदाराचं काही बिघडत नाही. गिऱ्हाईक वही मागायला येतं आणि वही घेऊन जातं. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. ज्या चुकीने कुणाचंच नुकसान होत नाही तिला आपण मनसोक्त हसतो, आणि ज्या चुकीने एखाद्या घराची चूल अडते ती आपल्या डोळ्यांसमोरून जाते तरी दिसत नाही. निरनिराळ्या पोस्टिंगवर दोन्ही प्रकार पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की स्पेलिंगच्या बाबतीत आपण नको तिथे कडक आणि हवं तिथे ढिले आहोत.

आधी हे पाहू की हे शब्द चुकतात का.

आपली सवय देवनागरीची. जसं ऐकू आलं, जवळपास तसं लिहिलं. इंग्रजीचा हिशेब तसा नाही. 'स्टेशनरी' देवनागरीत लिहून बघा, दोन्ही शब्द एकच दिसतात. 'प्रिन्सिपल' म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक आणि 'प्रिन्सिपल' म्हणजे तत्त्व, तेही एकच. गाडीचा ब्रेक आणि कामातला ब्रेक, आठवडा या अर्थाचा वीक आणि अशक्त या अर्थाचा वीक, सगळे कानाला जुळे भाऊ. हे झाले खुद्द इंग्रजांच्या तोंडीही सारखेच वाटणारे शब्द. त्यात आपल्या जिभेची भर पडते. हरवणे आणि सैल असणे यांसाठीचे दोन शब्द इंग्रज वेगळे उच्चारतो, आपण दोन्हींना 'लूज' म्हणतो. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोघांसाठी आपल्याकडे एकच 'व'. मग कागदावर कोणता उतरेल ते नशिबावर.

यात आपल्या अकलेचा दोष नाही. छपाई आल्यावर इंग्रजीची स्पेलिंगं हळूहळू गोठली आणि उच्चार मात्र पुढे बदलत राहिले. शिवाय फ्रेंच, लॅटिन, जिथून शब्द आले तिथली अक्षरं तशीच चिकटून राहिली. आम्हा फौजींना याचा पुरावा रोज खांद्यावर दिसतो. 'कर्नल' या शब्दात जिथे आपण 'र' बोलतो तिथे लिहिताना 'एल' आहे. मूळ इटालियन शब्दात 'ल' होता, फ्रेंचांनी एके काळी त्याचा 'र' केला, इंग्रजांनी बोलताना एक घेतला आणि लिहिताना दुसरा. 'लेफ्टनंट' या शब्दात तर 'एफ' कुठेच नाही. ज्या भाषेत पलटणीचा कर्नलसुद्धा आपल्या स्पेलिंगप्रमाणे बोलला जात नाही, तिथे दहावी झालेल्या पोराने 'ब्रेक' चुकवला तर आभाळ कोसळत नाही.

बरं, इंग्रजांनी तरी आपले शब्द कुठे नीट लिहिले? सिपाहीचा 'सिपॉय' केला. कानपूरचं 'कॉनपोर', जबलपूरचं 'जब्बलपोर', पुण्याचं 'पूना', खडकीचं 'किर्की'. जे कानाला ऐकू आलं ते आपल्या अक्षरांत बसवलं. आमचा जवान तेच करतो, फक्त उलट दिशेने. बॉम्बे सॅपर्सचे जुने लोक आजही अभिमानाने 'किर्की'च म्हणतात. साहेबाची चूक परंपरा झाली, आपल्या पोराची चूक विनोद झाली.

आणि 'बरोबर' तरी काय? 'डिफेन्स' हा शब्द आमच्या अकादमीच्या नावात 'सी'ने लिहितात. अमेरिकेत तोच 'एस'ने लिहितात. नोआ वेबस्टर यांनी १८२८ साली अमेरिकेचा मोठा शब्दकोश काढला आणि अशी बरीच स्पेलिंगं तिकडे रुळवली. आता आपले मोबाइल बहुधा अमेरिकन पद्धतीवर लावलेले असतात, म्हणून आपल्या प्रबोधिनीच्या नावाखाली फोन लाल रेघ ओढतो. चूक कुणाचीच नाही, संकेत वेगळे आहेत.

मराठीतही हेच आहे. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत. तरीही दौलतीचा कारभार, फौजेच्या तळावरचा पत्रव्यवहार, हिशेब, सगळं त्या लिपीत चाललं. आज आपण शाळेत ज्यावरून मार खातो ते शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे: १९६२ सालचे चौदा आणि १९७२ साली त्यात पडलेली चारची भर. मी ज्या गावात बसून हे लिहितो आहे त्याचंच नाव घ्या. द. ब. पारसनिसांनी १८९४ साली राणीचं चरित्र छापलं तेव्हा पुस्तकाच्या नावात 'झांशी' असं अनुस्वार देऊन लिहिलं होतं. आपण उच्चारात नसलेले अनुस्वार सोडले आणि 'झाशी' लिहू लागलो. हिंदीत चंद्रबिंदू कायम आहे, इंग्रजीत त्याचा 'एन' झाला. तीन भाषांत तीन रूपं, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग साहेब, कसंही लिहिलं तरी चालेल म्हणा ना! नाही. चालणार नाही. फौजेत तर मुळीच नाही.

रेडिओवर बोलताना एखादं वाक्य ऐकू आलं नाही तर आम्ही 'रिपीट' म्हणत नाही, 'से अगेन' म्हणतो. कारण तोफखान्याच्या भाषेत 'रिपीट' म्हणजे तोच मारा पुन्हा करा. बाहेरच्या माणसाला दोन्ही शब्द सारखेच वाटतील, पण ज्याच्या आसपास गोळे पडणार आहेत त्याला विचारा. अक्षरं सांगताना 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' म्हणायची पद्धत १९५६ सालापासून जगभर चालते, कारण बी, डी, पी, टी ही अक्षरं खरखरीत सेटवर एकच वाटतात. आकडे एकेक करून सांगायचे, कारण 'फोर्टीन' आणि 'फोर्टी' यांत बारा बारकावे नसून सव्वीसचा फरक असतो. ऑपरेशन ऑर्डरमध्ये गावांची नावं कॅपिटल अक्षरांत लिहायची. हा सगळा बंदोबस्त कुणाचं इंग्रजी सुधारावं म्हणून नाही. समोरच्याला दुसराच अर्थ लागू नये म्हणून आहे.

दवाखान्यातही तसंच. 'हायपर' आणि 'हायपो' या दोन शब्दांत शेवटच्या एक-दोन अक्षरांचा फरक. पण एकात साखर वाढलेली असते आणि दुसऱ्यात घसरलेली. एकाला इन्शुलिन लागेल, दुसऱ्याला तेच इन्शुलिन जिवावर बेतेल. तिथे 'अर्थ कळला ना, मग झालं' हे चालत नाही.

उलट नुसतं स्पेलिंग बरोबर असून भागतं असंही नाही. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातल्या बालाक्लाव्हा इथे इंग्रजांच्या लाइट ब्रिगेडला पुढे जाऊन तोफा वाचवण्याचा लेखी हुकूम आला. हुकूम देणारा टेकडीवर होता, त्याला एका बाजूच्या तोफा दिसत होत्या. वाचणारा खाली दरीत होता, त्याला समोरच्या रशियन तोफा दिसत होत्या. कोणत्या तोफा, हे कागदावर नीट नव्हतं. सहाशेहून अधिक घोडेस्वार चुकीच्या दरीत शिरले आणि शंभराहून अधिक मारले गेले. तो हुकूम चांगल्या शिकलेल्या माणसांनी चांगल्या इंग्रजीत लिहिलेला होता.

म्हणजे कसोटी एकच: वाचणाऱ्याला तुमचं म्हणणं नेमकं कळलं का? आणि कळलं नाही तर किंमत कोण देणार?

या कसोटीवर दोन गोष्टी घासून बघू.

पहिली एका जुन्या पोस्टिंगवरची. थंडी, घाटाचा रस्ता, मोठ्या गाड्या. एका ड्रायव्हरने गाडीच्या वहीत शेरा लिहिला, 'ब्रेक वीक'. पण ब्रेक लिहिला सुट्टीवाला आणि वीक लिहिला आठवड्यावाला. म्हणजे गाडीला आठवडाभर सुट्टी हवी, असा अर्थ निघत होता. एका हुशार माणसाने त्याचा फोटो काढला आणि दोन दिवस सगळ्या युनिटमध्ये हाच विनोद. ड्रायव्हरचं नाव 'आठवडेकर' पडलं. तिसऱ्या दिवसापासून त्या पोराने वहीत शेरा लिहिणं बंद केलं. रोजच्या रकान्यात एकच शब्द, ओके.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एमटीच्या सुभेदार साहेबांच्या. ते वही घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, स्पेलिंग चुकलं होतं, कबूल. पण ब्रेक खरंच वीक होता. मी गाडी खोलून बघितली. आता हा पोरगा काहीच लिहीत नाही, आणि गाड्या काही एकदम सुधारलेल्या नाहीत."

"मग काय करू या, साहेब?"

"त्याला म्हणा मराठीत लिही. वाचायला मी आहे की."

दुसऱ्या दिवसापासून त्या वहीत 'ब्रेक ढिला', 'डावीकडं ओढतीय', 'क्लच जड' असे शेरे येऊ लागले आणि मिस्त्री त्याप्रमाणे काम करू लागले. आता सांगा, त्या प्रकरणात घातक काय होतं? चुकलेलं स्पेलिंग की त्यावरचं हसणं? स्पेलिंग चुकलं तरी माहिती पोचली होती. हसण्याने माहितीच बंद पडली.

माझ्या ओळखीच्या कितीतरी चांगल्या जवानांनी केवळ इंग्रजीच्या भीतीने अर्ज लिहिले नाहीत, तक्रारी केल्या नाहीत, प्रमोशनच्या कॅडरला नाव दिलं नाही. सातारा-सांगलीकडचा, मराठी माध्यमातून शिकलेला, बंदुकीला आणि माणसाला पक्का ओळखणारा गडी कागद समोर आला की गप्प होतो. त्याला गप्प करणारे आपणच, चार अक्षरं जास्त शिकलेले.

दुसरी गोष्ट नावांची. ती जास्त गंभीर आहे.

या झाशीतच बघा. रेल्वे स्टेशनचं नाव २०२१ साली वीरांगना लक्ष्मीबाई झाशी झालं. तिथे इंग्रजीत 'लक्ष्मीबाई' एक शब्द आणि मध्ये 'के-एस-एच'. इथल्या मेडिकल कॉलेजच्या नावात तीच महाराणी 'एक्स'ने लिहितात आणि 'बाई' तोडून. कृषी विद्यापीठाच्या नावात पुन्हा 'के-एस-एच', पण 'बाई' वेगळी. एक राणी, एक शहर, तीन स्पेलिंगं. शंभरेक किलोमीटरवर ग्वाल्हेर. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या शिंद्यांचं इंग्रजीत 'सिंदिया' झालं आणि आज उत्तरेत तेच नाव रूढ आहे. बडोद्याच्या गायकवाडांचं स्पेलिंगही गावाकडच्या गायकवाडांपेक्षा निराळं.

राणीला तीन स्पेलिंगं चालतात, संस्थानिकांना दोन परवडतात. नाईक शिंदेच्या बायकोला दोन परवडत नाहीत.

हे कसं होतं ते प्रत्येक माजी सैनिकाला ठाऊक आहे. पोरगा भरती होतो. घरच्यांची नावं तोंडी सांगतो. लिहून घेणारा दुसऱ्या प्रांतातला. त्याच्या कानाला 'चव्हाण' म्हणजे 'चौहान', 'वसंत' म्हणजे 'बसंत', 'ज्ञानेश्वर' म्हणजे 'ग्यानेश्वर'. आपण ज्ञानेश्वर 'डी-एन-वाय'ने लिहितो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. 'ळ' तर इंग्रजीत नाहीच. लग्न झालं, पार्ट टू ऑर्डर निघाली, बायकोचं नाव 'लक्ष्मी', 'एक्स'ने. आधारवर 'के-एस-एच'. बँकेच्या पासबुकात 'लक्ष्मीबाई'. पंचवीस वर्षं कुणाचंच काही अडत नाही. तोवर सगळ्यांना माहीत असतं की ही एकच बाई आहे.

मग एक दिवस हवालदार जातो आणि फॅमिली पेन्शनचा कागद निघतो. संगणकाला लक्ष्मी माहीत नसते, त्याला फक्त अक्षरं माहीत. एका घराचं मी जवळून पाहिलं. नवऱ्याच्या तेराव्यानंतर पंधरा दिवसांत त्या माउलीची फरपट सुरू झाली. मी आणि ती एकच, असं प्रतिज्ञापत्र. सरपंचाचा दाखला. दोन साक्षीदार. तालुक्याला एक खेप, जिल्ह्याला तीन. प्रत्येक खिडकीवर उत्तर एकच, नाव जुळत नाही. ती मला फोनवर म्हणाली, "भाऊ, माणूस गेला त्याचं दुःख करायला बसायचं का माझं नाव माझंच हाय हे सांगत फिरायचं?" कुणी लाच मागितली नाही, कुणी उर्मटपणे बोललं नाही. सगळे नियमाने वागले. फक्त पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी 'के-एस-एच'च्या जागी 'एक्स' लिहिला होता, आणि तो कागद कुणीही पुन्हा वाचला नव्हता.

त्या चुकीचा फोटो कुठल्याही ग्रुपवर फिरला नाही. तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की कडकपणा सगळीकडे सारखा वाटू नका. जिथे चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते तिथे तो लावा. नाव, गाव, तारीख, आकडा, औषध, हुकूम, इथे एक अक्षर इकडेतिकडे खपवून घेऊ नका. आणि बाकी ठिकाणी, सुट्टीच्या अर्जात, गाडीच्या वहीत, दुकानाच्या पाटीवर, मुद्दा पोचला असेल तर शांतपणे दुरुस्त करा आणि पुढे चला. चारचौघांत नव्हे.

नेहमी गोंधळ घालणारे शब्द शिकायचे असतील तर ते थोडेच आहेत, आणि मराठीतून लक्षात ठेवता येतात. वह्या-पेनांच्या स्टेशनरीत 'ई', कारण एन्व्हलपमध्ये 'ई'. हरवणे या अर्थाच्या शब्दातला एक 'ओ' हरवलेला आहे, सैल या अर्थाच्या शब्दात दोन आहेत. मुख्याध्यापक प्रिन्सिपलच्या शेवटी 'पल', म्हणजे दोस्त, दडलेला आहे. वाळवंटाला एक 'एस', जेवणानंतरच्या गोडाला दोन, कारण गोड पुन्हा मागतात. खासगी म्हणजे 'पर्सनल'मध्ये एक 'एन', आणि फौजेची माणसं म्हणजे 'पर्सोनेल'मध्ये दोन, कारण माणसं जास्त. दारूगोळ्याच्या 'ऑर्डनन्स'मध्ये मधला 'आय' नाही. तो घातला की अध्यादेश होतो, आणि मग खडकी-भुसावळला अध्यादेशांचे कारखाने निघतात. रोज एक जोडी रोलकॉलनंतर फळ्यावर लिहिली तर महिन्याभरात काम होतं. संगणकावर भिस्त ठेवू नका. त्याला 'ब्रेक'चे दोन्ही शब्द बरोबरच वाटतात आणि तुमच्या आईचं नाव चुकीचं वाटतं.

युनिटमधल्या तरुण अधिकाऱ्यांना एक विनंती. जवानाच्या घरचं नाव कधीही तोंडी ऐकून लिहू देऊ नका. जन्मदाखला किंवा आधार समोर ठेवून, कॅपिटल अक्षरांत, एकेक अक्षर वाचून लिहा, आणि शेवटी जवानाला सही करण्याआधी स्वतः वाचायला लावा. त्याला इंग्रजीचं ओझं वाटत असेल तर शेजारी मराठीतही लिहून घ्या. पाच मिनिटं लागतात.

आणि निवृत्त झालेल्या माझ्या ज्येष्ठांना, सुभेदार साहेबांना, हवालदार दादांना एक सांगणं. येत्या रविवारी पेन्शनचा पीपीओ, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. स्वतःचं नाव नंतर बघा. आधी घरच्या मंडळींचं नाव बघा, अक्षर अन् अक्षर, जन्मतारखेसकट. नातवाला वाचायला बसवा, त्याचे डोळे चांगले आहेत. कुठे फरक दिसला तर दुसऱ्या दिवशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन दुरुस्तीचा अर्ज कसा करायचा ते विचारा. आज ते काम तुम्ही एका सहीवर करू शकता. उद्या तेच काम तुमच्या बायकोला एकटीला करावं लागेल.